डोकं उशीवर, लक्ष गल्ल्यावर

शनिवार, ७

रोजची नोंद ठेवा, असं हॉस्पिटलातल्या एका डॉक्टरांनी सांगितलं आहे, ते बुधवारी माझं डोकं यंत्राने तपासणार आहेत. त्यासाठी एक छापील कागदही दिला. उठून बसल्यावर किती दुखतं, झोपल्यावर किती, कॉफी किती, पाणी किती, असे रकाने. माझं डोकं त्या रकान्यांत मावणारं नाही. कागद त्यांच्यासाठी भरीन, ही वही माझ्यासाठी.

आधी झालं काय ते लिहिते. गेले काही महिने हातापायांना मुंग्या येत होत्या. मोठ्या डॉक्टरांना नाही नाही त्या शंका आल्या आणि त्यांनी माझ्या पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासायचं ठरवलं. बुधवारी मला कुशीवर वळवलं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले आणि कंबरेत सुई घातली. सुईपेक्षा मला त्या टेबलावरच्या गादीचा राग आला. मधोमध खड्डा पडला होता. हा फोम केव्हाच बदलायला हवा होता, असं मी तशाच अवस्थेत सांगितलं. डॉक्टर म्हणाले, बोलू नका, हलाल. तपासणीत काहीही निघालं नाही. एक जीवनसत्त्व कमी आहे म्हणे, गोळ्या दिल्यात. एवढ्यासाठी पाठीला भोक पाडून घेतलं मी.

गुरुवारी दुकानात ग्राहकाला उशी दाखवत होते आणि डोकं धरलं. मानेपासून कपाळापर्यंत आतून कोणी दोरी ओढतंय असं वाटायला लागलं. उभं राहवेना, म्हणून हातातली उशी डोक्याखाली घेऊन तिथेच जमिनीवर आडवी झाले. आडवी झाले आणि दुखणं पळालं. उठून बसले, परत आलं. आडवी झाले, परत गेलं. ग्राहक म्हणाला, "उशी चांगली दिसतेय, द्या."

हॉस्पिटलात म्हणाले, पाणी काढल्यावर असं होतं कधी कधी. सुईच्या भोकातून आतलं पाणी झिरपत राहतं, म्हणून उभं राहिलं की डोकं दुखतं. आडव्या राहा, भरपूर पाणी प्या, कॉफी प्या, आपोआप बुजेल. नाही बुजलं तर बघू. "बघू" म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

हे सगळं कमी होतं म्हणून आमच्या गाद्या पोचवणाऱ्या टेम्पोवाल्याने काल बातमी आणली. पुलापलीकडच्या मोठ्या शोरूमने माझ्या धाकट्या भावाला मॅनेजर म्हणून बोलावलंय. वीस तारखेपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे. हे गाद्या-उशांचं दुकान वडिलांच्या मागे मी चालवते, वरच्या मजल्यावर राहते, आणि धाकटा शाळा संपल्यापासून माझ्या मदतीला आहे. मदतीलाच म्हणते मी, त्याचे केस पांढरे झाले तरी. एवढी मोठी गोष्ट, पण त्याने मला एका शब्दाने सांगितलेली नाही. मग मीही विचारणार नाही. तो जाता कामा नये, एवढंच मला कळतं. त्याच्याशिवाय दुकान कसं उघडायचं तेसुद्धा मला सुचत नाही. मोठी गादी एकटीला उलटता येत नाही हो.

सोमवार, ९

वर खोलीत पडायचं ते खाली दुकानात पडू, असा विचार केला. गाद्यांच्या दुकानात आडवं व्हायला जागेची काय कमी? जिना उतरेपर्यंत डोळ्यांपुढे अंधारी आली. धाकट्याने दंड धरून आणलं आणि दारासमोरच्या नमुन्याच्या पलंगावर निजवलं. तिथून दार, गल्ला आणि धाकटा, तिन्ही दिसतात. फक्त सगळं खालून दिसतं. माणसं खालून बघितली की सगळी नाकपुड्यांचीच बनलेली वाटतात.

एक बाई माझ्याजवळ वाकून चादरीचा पोत बघायला लागल्या. मी म्हणाले, "शुद्ध सुती आहे." त्या किंचाळल्या. त्यांना वाटलं होतं, दुकानाने पलंगावर बाहुली ठेवली आहे. मग हसल्या, बसल्या, आणि चादर घेऊनच गेल्या.

माझी विकायची पद्धत अशी आहे की ग्राहकाला गादीवर निजवायचं आणि उठताना त्याच्याकडे बघायचं. कोपर टेकून उठला तर ती गादी त्याच्यासाठी मऊ आहे. सहज उठला तर बरोबर आहे. संपलं. धाकट्याची पद्धत म्हणजे नुसत्या गप्पा. भिंतीकडे कोण झोपतं, घोरतं कोण, घरात मांजर आहे का? मांजराचा आणि गादीचा संबंध काय? आज त्याच्या त्या गप्पांवर एक दुहेरी गादी खपली, पण ती मी समोर आडवी होते म्हणून खपली.

आडवं पडून लिहिताना पेन उलटं होतं आणि शाई येत नाही. धाकट्याने पेन्सिल आणून दिली आहे. टोकही तोच काढतो. कॉफीच्या कपात नळी घालून देतो, म्हणजे मान उचलावी लागत नाही. एवढं करतो, पण पुलापलीकडचं तोंडातून काढत नाही.

मंगळवार, १०

भावजय बघायला आली. म्हणाली, "ताई, झोपलं की बरं आणि उठलं की दुखतं, हे दुखणं मलाही आहे. लग्न झाल्यापासून आहे."

मला राग यायच्या आत धाकटाच तिच्यावर तडकला. "थट्टा करू नकोस. तिला खरंच होतंय. तिचा चेहरा बघ."

चेहरा खरंच उतरला असणार. मी आरसा मागितला तर तो म्हणाला, उद्या देतो.

बुधवार, ११

आज यंत्रवाल्या डॉक्टरांकडे नेलं. हे मोठ्या डॉक्टरांहून वेगळे, वयाने लहान आणि बोलायला गोड. कण्यातलं पाणी काढल्यावर ज्यांचं डोकं दुखतं, त्यांच्या मेंदूतलं रक्त कसं वाहतं, याचा ते अभ्यास करतात. कानशिलावर गार चिकट मलम लावलं आणि त्यावर एक जाड पेनासारखं काहीतरी टेकवलं. खोलीत आवाज घुमायला लागला. हुश्श, हुश्श, हुश्श.

"हे काय?" मी विचारलं.

"तुमच्या मेंदूतलं रक्त."

मला वाटायचं माझ्या डोक्यात शांतता असते. हे तर चक्की चालल्यासारखं. मग त्यांनी पलंगाची डोक्याकडची बाजू वर केली, मला बसतं केलं, आणि पुन्हा आवाज घेतला. तोवर माझं डोकं फुटायला आलं होतं, म्हणून आकडे काय आले ते मी विचारलं नाही. पुन्हा आडवी केल्यावर मी म्हणाले, आता समजावून सांगा.

"कवटी म्हणजे पक्की पेटी," डॉक्टर म्हणाले. "आत मेंदू, रक्त आणि पाणी, तिघांची दाटी. पाणी झिरपून कमी झालं की ती जागा रिकामी राहत नाही. रक्ताच्या शिरा फुगतात आणि ती भरून काढतात. दुखण्याचं ते एक कारण असावं, असा अंदाज आहे. तेच तपासतोय. कॉफीने शिरा जरा आवळतात, म्हणून कॉफी."

"म्हणजे कापूस दबला की खोळ सैल पडते, तसं?"

"साधारण उलटं. एकाने जागा सोडली की दुसऱ्याला पसरायला वाव मिळतो."

"पण त्याने पसरायचं कशाला? गप्प आपल्या जागी राहावं."

"त्याचा काही दोष नसतो हो. आजवर त्याला जागाच नव्हती."

धाकटा दारात उभा राहून हे ऐकत होता आणि उगाच हसत होता. बहिणीच्या डोक्यात शिरा फुगल्यात, यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही.

शुक्रवार, १३

काल लिहिलं नाही. काल आडवं पडूनही मान दुखत होती आणि उठले की उलटी. शेवटी "बघू" म्हणजे काय ते कळलं. माझ्याच दंडातलं रक्त काढायचं आणि पाठीत, सुई घातली होती तिथेच, परत सुईने घालायचं. रक्त गोठतं आणि भोक बुजतं. म्हणजे फाटक्या खोळीला आतून ठिगळ. कल्पना चांगली आहे, पण माझ्या पाठीवर नको, असं मी स्पष्ट सांगितलं.

धाकट्याने ऐकलं नाही. भर दिवसा, बाजार चालू असताना, दुकानाला कुलूप लावलं. वडील गेले त्या दिवसाखेरीज ते दुकान असं कधी बंद राहिलेलं नाही. मी टेम्पोत आडवी पडून त्याला रस्ताभर बोलत राहिले. तो "हो ताई, हो ताई" करत राहिला.

सुई टोचताना त्याने माझा हात धरला. लहानपणी त्याला टोचायला नेलं की मी धरायचे, तसा. मी इतका जोरात दाबला की त्याच्या बोटांवर माझ्या नखांच्या खुणा उठल्या. मला फार भीती वाटली होती, हे इथे लिहायला हरकत नाही. तिथे मात्र मी टेबलावरच्या गादीबद्दलच बोलत होते.

बराच वेळ पडून राहायला सांगितलं. मग बसवलं. मी डोळे मिटून दोरी ओढली जायची वाट बघत होते. ओढलीच जाईना. मान हलवली. खाली बघितलं, वर बघितलं. काही नाही! जन्मात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. आनंदाने ओरडणार होते, तेवढ्यात धाकटा म्हणाला, "ताई, तू नीट बरी झालीस ना, की मला तुझ्याशी एक बोलायचंय."

त्याचे डोळे ओले होते. मी उघडलेलं तोंड मिटलं. मग कपाळाला हात लावून म्हणाले, "अजून दुखतंय रे."

शनिवार, १४

आज पेनने लिहिते आहे. वर माझ्या खोलीत, टेबलाशी, ताठ बसून. डोकं असं स्वच्छ आहे की जुने हिशोब तोंडी करावेत.

विचार सरळ आहे. मी बरी झाले की तो बोलणार. मी बरी झाले नाही तर बोलणार नाही. आजारी बहिणीला टाकून जाईल असा तो नाही. वीस तारीख उलटली की पुलापलीकडचे दुसरा कोणी बघतील, आणि मग मी एकवीसला ठणठणीत बरी होईन. यात कोणाचं काही बिघडत नाही. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंच आहे, म्हणजे निम्मं तर खरंच आहे.

आरशासमोर सराव केला. उजव्या हाताने कपाळ धरलं की खरं वाटतं, डाव्याने धरलं की नाटकी. उठताना आधी डोळे मिटायचे, मग तोंडातून हवा ओढायची. कण्हायचं अगदी थोडं.

संध्याकाळी दुकानातून वर आले. इतके दिवस आडवी पडून हातपाय नुसते शिवशिवत होते. कपाट आवरलं, जळमटं काढली, सगळे पडदे धुऊन वाळत घातले. तेवढ्यात खालून धाकट्याचा आवाज आला, "ताई, वरून पाणी ठिबकतंय!" मी झटकन पलंगावर आडवी झाले आणि बारीक आवाजात म्हणाले, "पाइप असेल." तो वर आला, खोलीभर फिरला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हो, पाइपच आहे." नशीब, पडद्यांकडे त्याचं लक्ष गेलं नाही. पुरुषांना घरातलं काही दिसतच नाही.

सोमवार, १६

आज माझी परीक्षा होती. एक वयस्कर जोडपं आलं. काकांची कंबर धरलेली. मी आडवीच, पण डोळ्यांच्या फटीतून बघत होते. काका मऊ फोमवर निजले आणि उठताना आधी कोपर टेकलं, मग दुसरं कोपर, मग काकूंचा खांदा. आंधळ्यालाही कळावं की यांना घट्ट काथ्याची गादी हवी.

धाकटा मोठ्याने म्हणाला, "काका, कंबरेला हीच! जितकी मऊ तितकी उत्तम."

माझ्या तोंडातून आवाज निघाला.

"काय झालं ताई?"

"डोकं."

"अगं आई गं," तो म्हणाला आणि पुन्हा काकांकडे वळला. "बुडून गेल्यासारखं वाटतंय ना? तसंच वाटायला हवं. काथ्याचं खूळ आता जुनं झालं."

काथ्याचं खूळ! हे आमच्या दुकानात, माझ्या समोर! मी चादर मुठीत धरली. इतक्या वर्षांत याला एवढंही शिकवता आलं नाही मला? पुलापलीकडे याला मॅनेजर कसे करणार आहेत देव जाणे. काका-काकू पैसे देऊन गेले. गादी उद्या पोचवायची, म्हणून धाकट्याने त्यांच्या नावाची चिठ्ठी त्या मऊ गादीला टोचली आणि मागे गोदामात गेला. मी टुणकन उठले, चिठ्ठी काढली, घट्ट काथ्याच्या गादीला लावली आणि परत येऊन पडले.

तो बाहेर आला. चिठ्ठीकडे बघितलं. डोकं खाजवलं.

"ताई, ही चिठ्ठी इकडे कशी आली? इथे पुढे आपण दोघंच. आणि तुला तर उठताही येत नाही."

"उंदीर असतील."

"उंदीर चिठ्ठ्या बदलतात?"

"हल्लीचे बदलतात."

त्याला एकदम खोकल्याची उबळ आली. तोंडावर हात धरून तो गोदामात पळाला. तिथे भावजय खोळी मोजत होती, तिलाही खोकला लागला. साथ आलेली दिसते. काढा घ्यायला सांगितलं पाहिजे दोघांना.

मंगळवार, १७

धाकट्याने बिस्किटांचा डबा माझ्या उशालगतच्या स्टुलावरून उचलला आणि उंच कपाटावर नेऊन ठेवला. म्हणे मुंग्या होतात. दिवसभर तो डबा माझ्याकडे बघत होता. तो जेवायला घरी गेला तेव्हा मी स्टुलावर चढून थोडी घेतली. थोडी म्हणजे फार नाही.

संध्याकाळी त्याने डबा हलवून बघितला. "मुंग्या फारच धीट झाल्यात, ताई. स्टूल ओढून आणतात."

"फवारा मार," मी म्हणाले.

जाताना माझी पेन्सिल हातात घेऊन म्हणाला, "हिला शनिवारपासून टोक काढायला लागलं नाही. झिजतच नाही. चांगल्या कंपनीची दिसतेय." त्याला काटकसरीचं कौतुक आहे, माझ्यासारखंच. तरी काळजी म्हणून आजचं हे सगळं पेन्सिलने, दाबून दाबून लिहिलं आहे.

बुधवार, १८

पुन्हा यंत्र. हुश्श, हुश्श. आधी आडवी, मग बसून. डॉक्टर खूश झाले. "आता आडव्या असताना आणि बसल्यावर जवळपास सारखं वाहतंय. फारच छान. डोकं कसं आहे?"

"डोकं छान आहे. पण हे आपल्या दोघांत राहू द्या."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग मी त्यांना सगळं सांगितलं. शोरूम, वीस तारीख, उंदीर, सगळं. का सांगितलं कोण जाणे. आठवडाभर कोणाशी खरं बोलले नव्हते, त्याचा परिणाम असेल. डॉक्टरांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. नंतर आमचं बोलणं त्यांच्या कंबरेवर आलं, मग त्यांच्या घरच्या गादीवर, आणि मी उभी राहून, वाकून, त्यांना दाखवलं की माणसाने गादीवरून कसं उठायला हवं.

"मी पेशंटचं कोणाला काही सांगत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण तुम्ही मघापासून उभ्या आहात, हसताय, हातवारे करताय, आणि ते दार उघडं आहे."

मी वळून बघितलं. बाहेर बाकावर धाकटा भिंतीला डोकं टेकून झोपला होता. गाढ झोपला होता. डोळे इतके घट्ट मिटले होते की पापण्यांना सुरकुत्या पडल्या होत्या. दिवसभर दुकान एकट्याने बघतो, दमणारच बिचारा. मी कपाळाला हात लावून त्याला हलक्या हाताने उठवलं.

"कशी आहेस?" त्याने विचारलं.

"तसंच."

"अरेरे," तो म्हणाला आणि मला टेम्पोत उचलूनच ठेवायला निघाला. मी नको नको म्हणत होते, तरी रस्त्यावरच्या सगळ्या लोकांदेखत ठेवलंच. फार लाज वाटली.

गुरुवार, १९

सकाळी एक नवरा-बायको आले आणि दारातूनच म्हणाले, "ते गप्पा मारणारे साहेब आहेत का? आमच्या शेजाऱ्यांनी पाठवलंय." मी समोर आडवी, आणि माझ्याकडे कोणी बघितलंही नाही. धाकटा आला. झोपेत कोण लाथा मारतं इथपासून सुरुवात. मी बघत होते. त्या माणसाच्या खांद्यांत अवघडलेपण होतं ते बोलता बोलता गेलं, आणि मग तो गादीवर खरंखुरं अंग टाकून निजला. मी सांगते तेव्हा लोक निजतात, पण पाहुण्यासारखे, बूट लोंबकळत ठेवून. हे कधी लक्षात आलं नव्हतं.

दुपारी सोमवारच्या काकांचा फोन. मी पलंगावरूनच घेतला. गादी उत्तम आहे, कंबर सुटली, म्हणाले. मी म्हणाले, काथ्याच घ्यायला हवा होता तुम्ही. ते म्हणाले, "हो, तुमच्या भावाने त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलं होतं ना, घट्टच येईल, काळजी करू नका."

फोन ठेवला आणि विचार करत बसले, म्हणजे पडले. त्याला घट्टच द्यायची होती तर मग मऊ मऊ करून ओरडत कशाला होता? नोकरीच्या विचाराने त्याचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही, दुसरं काय. माझ्यामुळे त्याचीच तब्येत बिघडायची.

उद्या वीस. आज मला जेवण गेलं नाही. माझ्याजवळ घर आहे, दुकान आहे, वर पडदे स्वच्छ आहेत, पण सकाळी शटर वर जाताना "ताई, उठलीस का?" असा आवाज आला नाही, तर मी कशासाठी उठायचं? हे त्याला सांगावं असं दिवसभर मनात येत होतं. सांगायला गेले आणि त्याला म्हणाले, उशांचा ढीग वाकडा लागलाय.

त्याने सरळ केला. ढीग वाकडा नव्हताच.

शुक्रवार, २०

आज भरपूर कण्हायचं असं सकाळीच ठरवलं होतं. ओला रुमाल, डोळे अर्धे मिटलेले, आवाज बारीक. पुलापलीकडून संध्याकाळी दुकानाच्या फोनवरच विचारणार होते, ही खबर टेम्पोवाल्याने दिलीच होती. दुपारपर्यंत सगळं छान जमलं. धाकटा रुमाल बदलत होता, पाणी देत होता. पण आज तो हसला नाही, खोकला नाही, मुंग्यांबद्दल काही बोलला नाही. इतके दिवस तो हसत होता हे मला आज तो हसेना तेव्हा कळलं.

मग तो येऊन माझ्या पलंगाच्या काठावर बसला. गादीच्या काठावर बसायचं नाही, काठ दबतो, हे आमच्याकडे ग्राहकांनाही सांगितलं जातं. मी सांगणार होते. त्याचा चेहरा बघून सांगितलं नाही.

"ताई, तू बरी झाल्यावर बोलणार होतो. पण आता वेळ नाही. तुला माहीतच असेल."

"टेम्पोवाल्याने सांगितलं."

"वाटलंच." त्याने रुमालाची घडी घातली. "तू अशी पडलेली असताना मी जाणार नाही. त्यांना नाही म्हणून सांगतो. एवढंच."

जिंकले होते मी. हेच हवं होतं आणि हेच मिळालं. आता डोळे मिटून पडून राहायचं, बस. पण त्याने हे सांगताना माझ्याकडे बघितलं नाही, घडीकडे बघितलं. वडिलांनी त्याला शाळेच्या सहलीला नको म्हटलं होतं तेव्हाही तो असाच कशाचीतरी घडी घालत बसला होता. मला ते बघवलं नाही. मी उठून बसले, ताठ.

"माझं डोकं दुखत नाहीये," मी म्हणाले. "काल बरं वाटायला लागलं."

"काल?"

"बरं, बुधवारी."

"ताई, तू पडदे धुतलेस त्या दिवशी वर आलो होतो मी."

माझ्या कानशिलात रक्त असं वाजायला लागलं की यंत्राची गरजच नव्हती. म्हणजे उंदीर, मुंग्या, मऊ गादी, बाकावरची झोप! मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. तो हसला.

"माहीत होतं तर नाही कशाला सांगत होतास त्यांना?"

"तू एवढा आटापिटा करत होतीस. स्टुलावर काय चढलीस, आरशासमोर काय कण्हलीस, खाली दुकानात ऐकू येतं ते. म्हटलं, मला थांबवायला कोणीतरी एवढं करतंय." त्याने रुमाल पुन्हा उलगडला. "तू मला आजवर सगळं सांगितलंस, ताई. हे उचल, ते ठेव, ढीग सरळ कर. थांब असं कधी नाही म्हणालीस."

"म्हणायला लागतं का ते?"

"हो. लागतं."

छताकडे बघावं तर आता मी बसलेली. त्याच्याकडेच बघावं लागलं.

"जायचं असेल तर जा," मी म्हणाले. "तू मॅनेजर चांगला होशील. माझ्यापेक्षा चांगला आहेस तू यात, मी इथे पडून बघितलंय. आणि थांब. म्हणजे मला तू इथे हवा आहेस, कामाला नाही, असाच. आता काय करायचं ते तू ठरव, मला दोन्ही एकदम म्हणता येत नाही."

एवढं बोलून मला धाप लागली. गोदामाच्या दारात भावजय खोळ हातात धरून उभी होती.

आणि फोन वाजला.

दुकानाचा फोन मी उचलायचा, हे वडिलांपासून चालत आलेलं आहे. माझा हात आपोआप गेला. धाकट्याने त्याआधी उचलला आणि दुसऱ्या हाताचा पंजा माझ्यासमोर धरून हळूच खाली केला. आडवी हो. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने पंजा पुन्हा खाली केला. भावजयीच्या देखत, मोठ्या बहिणीला!

मी आडवी झाले.

"हो, मीच बोलतोय," तो म्हणाला. "हो, विचार केला. नाही, पगाराचं काही नाही, पगार चांगला आहे तुमचा." त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. "मला जमणार नाही. इथलं दुकान मी चालवतो."

दुकान तर बहिणीचं ना, असं काहीतरी पलीकडचा माणूस विचारत असावा, कारण धाकटा फोन कानाला तसाच धरून माझ्याकडे वळला आणि वाट बघत राहिला.

"बरोबर आहे," मी म्हणाले, पुलापलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.